चार नावांचं घर: लो-बजेट मराठी फिल्मचं लोकेशन शूटच्या बाराव्या दिवशी बंद पडलं तेव्हा

हे प्रकरण मी जवळून बघितलंय कारण त्या फिल्मचं प्रॉडक्शन मी सांभाळत होते. माणसांची, गावाची आणि फिल्मची नावं मुद्दाम टाळली आहेत. कमी पैशात गावात जाऊन फिल्म करणारे बरेच जण सध्या विचारत असतात की परमिशन कशी काढायची, घराला भाडं किती द्यायचं वगैरे, त्यांना हे सगळं घडलं तसं सांगितलं तर उपयोग होईल असं वाटतं.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर-देवरुखच्या बाजूचं गाव. गोष्ट साधी होती, मुलं मुंबईला गेलेली, मागे राहिलेली एक आजी आणि नऊ वर्षांचा नातू जो महिनाभर तिच्याकडे राहायला येतो. मुलांनी घरातले देव मुंबईला नेलेत आणि गावच्या घरात देव्हारा रिकामा आहे, फिल्मचा गाभा तिथे होता.

एकूण बजेट २८ लाख. त्यातले १७ लाख शूटला, म्हणजे २० दिवस धरले तर दिवसाला ८५ हजार, ह्यात २६ माणसांचं राहणं, तीन वेळचं खाणं, दोन गाड्या, कॅमेरा, लाइट, जनरेटर सगळं आलं. अचानक येणाऱ्या खर्चासाठी वेगळे ठेवलेले १ लाख ४० हजार. राज्य सरकारचं अनुदान फिल्म पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावरच मिळतं, मिळालं तर, त्यामुळे शूटच्या वेळी त्याचा काही आधार नसतो.

सिंक साउंडच करायचा, म्हणजे शूटच्या वेळी रेकॉर्ड झालेलाच आवाज फिल्ममध्ये ठेवायचा, हे पहिल्यापासून पक्कं होतं. आजी आणि नातू सोडले तर बाकी सगळे गावातलेच लोक, त्यांची संगमेश्वरी बोली. त्यांना नंतर मुंबईला स्टुडिओत आणून डबिंग करायला लावलं असतं तर त्यांच्या बोलण्यातला जीव गेला असता. म्हणून घर असं हवं होतं की आवाज शांत असेल, रस्ता लांब, बाजूला गिरणी नाही.

तसं घर मिळालं. जांभ्याचं, वर कौलं, पुढे ओटी, पडवी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे गोठा. घरात थोरले काका आणि काकू दोघंच राहतात. काकांशी बोलणं झालं, रोजचे ३ हजार ठरले, साध्या कागदावर संमतीपत्र लिहून काकांनी सही केली आणि आम्ही निश्चिंत झालो.

बाकीची कागदं आमची चोख होती हे सांगायलाच हवं. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस स्टेशनला कळवलेलं. मुलगा लहान असल्यामुळे कलेक्टर ऑफिसची परवानगी घेतलेली, त्यात दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या पुढे विश्रांतीशिवाय नाही आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने फिक्स्ड डिपॉझिट, हे सगळं पाळत होतो. गोठ्यातली गाय दोन सीनमध्ये दिसणार होती म्हणून अॅनिमल वेल्फेअर बोर्डाकडे आधीच अर्ज केलेला, कारण ते राहिलं तर पुढे सेन्सॉरला अडतं. सरकारी जागांसाठी फिल्मसिटीची एक खिडकी योजना आहे तीही बघून ठेवलेली. पण खाजगी घरासाठी अशी कुठली खिडकी नसते. तिथे घरातल्या माणसांशी नीट बोलणं एवढंच असतं आणि तेच आम्ही अर्धवट केलं.

अडचण

शूट २९ फेब्रुवारीला सुरू झालं आणि मधल्या सुट्ट्या धरून २१ मार्चला संपणार होतं. होळी २४ मार्चला. आम्ही म्हटलं होळीच्या आत उरकतंय, छान आहे. शिमगा म्हणजे त्या एका दिवसाचा सण नाही हे टीममधल्या अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं, मी धरून, त्यांनी त्याचा शेड्यूलशी संबंध जोडला नाही. ह्या गावात होळी झाली की ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. त्याच्या आधी घर झाडून, रंगवून, सारवून तयार ठेवायचं असतं आणि मुंबईचे सगळे चाकरमानी त्यासाठी घरी येतात.

माजघरातले सीन डायरेक्टरने मुद्दाम शेवटाकडे ठेवले होते. कारण चुकीचं नव्हतं, मुलगा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर येत होता, आजीची आणि त्याची खरी सवय झाली की मगच ते सीन करायचे होते. दहाव्या दिवशी आर्ट टीमने माजघराची भिंत जुनी दिसावी म्हणून तिच्यावर गेरू आणि काजळीचा हात मारला. मूळ भिंत निळीच्या चुन्याची होती, फिकट निळसर पांढरी. देव्हाऱ्यातले देव काकूंनी स्वतः उचलून स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवले, आम्ही त्यांना विचारलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या. अकराव्या दिवशी माजघरातला पहिला सीन झाला.

त्या संध्याकाळी शूट बघायला आलेल्या कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. रिकामा देव्हारा, काळवंडलेली भिंत, मध्ये लाइटचे स्टँड. वीस-पंचवीस सेकंदांचा असेल.

काकांचा धाकटा भाऊ नालासोपाऱ्याला राहतो. त्याने तो रात्री बघितला, मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली आणि सकाळी संगमेश्वर रोडला उतरून साडेसातला घराच्या अंगणात हजर. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. पायरीवर बॅग ठेवली आणि म्हणाला, "घर माझंपण आहे. मला कुणी विचारलं?"

घरावर चार नावं होती, तीन भाऊ आणि एक बहीण. मधला भाऊ डोंबिवलीला, बहीण लग्न होऊन बडोद्याला. काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यांच्या दृष्टीने घर तेच सांभाळतात तर विचारायचं काय. आणि आम्ही काकांना एकदाही विचारलं नव्हतं की घर नावावर कुणाच्या आहे.

पहिला तास आणि त्यातली मोठी चूक

मला ह्या तासाबद्दल जरा सविस्तर लिहायचंय कारण पुढचं सगळं त्यात बिघडलं.

डायरेक्टर रात्रभर झोपलेला नव्हता, समोर २६ माणसं उभी, मुलाचे पाच तास मोजायला सुरुवात झालेली. त्याने सरळ सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही वीस हजार वर देतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला खरंच वाटलं की मुंबईहून माणूस धावत आलाय तर पैशाचा विषय असणार. मीही गप्प राहिले, म्हणजे मलाही तसंच वाटलं होतं. तो माणूस क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्या देवांचा दर ठरवायला आलात काय?"

तोपर्यंत विषय घरातला होता, भावाभावांतला. त्या वाक्यानंतर तो गावाचा झाला. अंगणात उभे असलेले दोन-तीन म्हातारे जे आमच्याशी रोज हसून बोलायचे ते निघून गेले. दहा मिनिटांनी आमचा जेवण करणारा दादा, तो त्याच वाडीतला, येऊन हळूच म्हणाला की ताई आज दुपारचं जेवण मी करून देतो पण उद्याचं बघा.

पर्याय काय काय होते

तो दिवस वाया गेला नाही एवढी एक गोष्ट बरी झाली. असिस्टंट डायरेक्टरने पहिल्याच आठवड्यात एक कव्हर लिस्ट केलेली होती, म्हणजे घर मिळालं नाही तर बाहेरचे कुठले सीन करता येतील त्याची. तिने युनिट पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, हलवलं, मुलाचे दोन सीन झाले. आम्ही काही जण एसटी स्टँडच्या बाकावर बसून हिशोब करत होतो.

काकांचं संमतीपत्र पुढे करून शूट चालू ठेवायचं, गरज पडली तर पोलिसांना बोलवायचं, असं कॅमेरा डिपार्टमेंटमधला एकजण म्हणाला. हा पर्याय मी तिथेच बाद केला. सामायिक घरातल्या एका हिस्सेदाराची सही दाखवून दुसऱ्याला त्याच्याच दारात अडवायचं, कायद्यात काय बसेल ते बसो, पण त्या गावात आम्हाला पाणीही मिळालं नसतं आणि मिळू नयेच.

थांबायचं आणि पावसाळ्यानंतर परत यायचं, हा डायरेक्टरचा पर्याय होता. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण मार्चमधला सडा पिवळा-करडा असतो, ऑक्टोबरमध्ये तिथेच गुडघाभर हिरवं गवत. आजीचं काम करणाऱ्या बाई एका डेली सोपमध्ये होत्या आणि २४ मार्चपर्यंतच मोकळ्या होत्या. आणि मुलाचा वरचा पुढचा दात हलत होता. मेकअपवाली रोज सकाळी पहिलं काम तेच करायची, त्याला आ करायला सांगून दात बघायचा. सात महिन्यांनी तो मुलगा वेगळाच दिसला असता.

दुसरं घर शोधून माजघर तिथे परत उभं करायचं, हा आर्ट टीमचा पर्याय. आणि चौथा म्हणजे माजघराचे सीनच पडवीत, अंगणात हलवायचे. माजघरातले चार सीन उरले होते, साधारण साडेसहा पानं. स्वयंपाकघर, पडवी वगैरे धरून घरातले आणखी सात.

ह्या सगळ्यात एक पर्याय आम्ही दुपारपर्यंत मोजलाच नव्हता, की त्या माणसाकडे जाऊन त्याला नेमकं काय खटकलंय ते ऐकून घ्यायचं. हे सुचवलं आजीचं काम करणाऱ्या बाईंनी. त्या म्हणाल्या तुम्ही सगळे त्याला काय द्यायचं ते ठरवताय, तो काय मागतोय ते कुणी विचारलं का.

काय केलं

संध्याकाळी आधी आम्ही गुरवांकडे गेलो. त्यांनी एकच सांगितलं की देव जागेवर गेले पाहिजेत, आज रात्रीच, पुढचं उद्या. मग घरी गेलो. डायरेक्टर, मी आणि आजीवाल्या बाई, बाकी कुणी नाही. डायरेक्टरने सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, स्पष्टीकरण न देता, आणि गप्प बसला. हे अवघड असतं, फिल्मवाल्यांना लगेच स्वतःची गोष्ट सांगायची असते.

धाकट्या भावाचं म्हणणं होतं की पालखीच्या तोंडावर देव हलवले, भिंत काळी केली आणि उद्या वाडी म्हणेल ह्यांनी घर भाड्याने देऊन देवसुद्धा बाहेर काढले. थोरले काका खाली मान घालून बसलेले. तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "देव मी उचललेत भावजी, माझ्या हातानं. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सूर उतरला. पण एक गोष्ट मला आजही टोचते, की जो दोष आमचा होता तो त्या बाईने स्वतःच्या अंगावर घेतला आणि आम्ही तो घेऊ दिला. त्यांनी हो म्हटलं होतं हे खरं, पण पालखी पंधरा दिवसांवर आलेली असताना हा प्रश्न आम्ही त्यांना विचारायलाच नको होता. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही, हे इतक्या दिवसांत आम्हाला कळलेलं होतं.

देव त्या रात्री जागेवर गेले, गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. अटी ठरल्या. माजघरात शूट नाही. पडवी, ओटी आणि स्वयंपाकघर चार दिवस मिळेल. भिंत पालखीच्या आधी होती तशी करून द्यायची, स्वतःच्या खर्चाने. पैशाचं त्यांचं ते घरात बोलतील, आम्ही मध्ये पडायचं नाही.

मग माजघराचे चार सीन. दोन डायरेक्टरने रात्रीत बसून पडवीत घडतील असे परत लिहिले आणि खरं सांगायचं तर त्यातला एक मूळच्यापेक्षा चांगला झाला, कारण पडवीत आजी भांडी घासता घासता बोलते, आत ती नुसती बसलेली होती. एक सीन शेजारच्या वाडीतल्या घरात केला. आधीचा एक सीन खऱ्या माजघरात झालेला असल्यामुळे हा मॅच होणं गरजेचं होतं. ह्यावेळी घर कुणाकुणाचं आहे हे आधी विचारलं, दोघा भावांच्या सह्या घेतल्या, त्यांच्या भिंतीला रंग लावण्याऐवजी प्लायवर रंगवलेली भिंत नेऊन उभी केली. काकांकडून लाकडी बाकडं आणि पडदा मागून नेला. पण मूळ माजघराची जमीन शेणाने सारवलेली आणि इथे कोबा, त्यामुळे कॅमेरा कमरेच्या खाली नेताच येत नव्हता. छपराला पत्रा होता, ऊन चढलं की तो तापून टणटण वाजायचा, म्हणून सकाळी सहा ते नऊ एवढ्या वेळातच तो सीन दोन दिवसांत केला.

चौथा सीन, रिकाम्या देव्हाऱ्यासमोर मुलगा दिवा लावतो तो, आम्ही सोडून दिला. कुठेतरी दुसरा देव्हारा रिकामा करून तो काढता आला असता. डायरेक्टरच म्हणाला नको.

आणखी एक छोटी गोष्ट. माजघराचा रूम टोन घ्यायचा राहिला होता, म्हणजे त्या खोलीत कुणी बोलत नसताना जो आवाज असतो तो, एडिटमध्ये वाक्यांच्या मधल्या फटी भरायला लागतो. आमचा साउंडवाला मुलगा एकटा गेला आणि धाकट्या भावाला विचारलं की मला दोन मिनिटं आत बसू द्याल का, काही हलवणार नाही. त्याने बसू दिलं. स्वतः दारात उभा राहिला, काकूंना हाताने गप्प रहा म्हणून खूण केली. झाल्यावर मुलाने त्याला हेडफोन दिला. त्यात भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं आणि कौलांवर पडणारी आंब्याची वाळकी पानं. तो म्हणाला घड्याळ बाबांनी आणलेलं, ते गेल्यावर कुणी बंद पडू दिलं नाही.

परिणाम

शूट दोन दिवस लांबलं, २३ मार्चला संपलं. वाढलेला खर्च १ लाख ७० हजार, शिवाय प्लायची भिंत, रंगकाम, शेजारच्या घराचं भाडं मिळून आणखी २२ हजार. वेगळे ठेवलेले पैसे पुरले नाहीत, ५२ हजार साउंड मिक्सिंगमधून काढावे लागले आणि मिक्स पाचच्या ऐवजी तीन दिवसांत उरकावा लागला. सिंक साउंडसाठी एवढी धडपड केलेल्या फिल्मला हे फार लागतं.

शेजारच्या घरातला सीन मला अजूनही वेगळा वाटतो. तिथे अंगाला चिकटलेली फ्रेम अचानक येते, आधी मोकळी असलेली खोली कोंडते. काही जणांना ते आवडलं, आजीचं मन कोंडलंय असं वाटतं म्हणे. मला माहीत आहे ते कोब्यामुळे आहे.

दिव्याचा सीन नसल्यामुळे शेवटाकडे एक जागा पोकळ राहिली आहे. एडिटरने ती नुसत्या माजघराच्या आवाजावर, अंधारात, अकरा सेकंद धरली आहे. तो आवाज त्या दोन मिनिटांतला.

भाड्याच्या पैशांचं त्यांनी घरात ठरवलं, वाटून न घेता पावसाच्या आधी कौलं चाळून घ्यायला वापरले.

आता काय वेगळं करू

घराचं भाडं ठरवायच्या आधी ग्रामपंचायतीतून घराच्या आकारणीचा उतारा बघते. जमिनीचा सातबारा बघून चालत नाही, घर आकारणीला कुणाच्या नावावर लागलंय ते त्यात कळतं. पण कोकणात कित्येक घरं अजून आजोबांच्याच नावावर असतात, म्हणून उताऱ्याच्या पुढे जाऊन विचारावं लागतं की गणपतीला आणि शिमग्याला ह्या घरात कोण कोण येतं. जे येतात त्यांचं घर आहे. त्या सगळ्यांशी फोनवर का होईना आधी बोलायचं आणि सह्या घ्यायच्या. हे कागद पुढे फिल्म विकतानाही लागतात, घेणारे लोक लोकेशनचं रिलीज, म्हणजे तिथे शूट करायला मालकांनी दिलेली लेखी संमती, मागतातच आणि तेव्हा धावपळ करायला फार उशीर झालेला असतो.

कागदात खोल्यांची नावं लिहिते, कुठल्या खोलीत काय हलवणार, भिंतीला हात लावणार का, आणि देवघराचा वेगळा उल्लेख. आधीचे फोटो काढून दोघांकडे ठेवायचे. ज्या खोलीवर फिल्म उभी आहे ती शेवटाला ठेवायची नाही. मुलाला सवय व्हावी म्हणून आठ दिवस आधी येऊन राहावं, तो खर्च स्वस्त पडतो. रूम टोन प्रत्येक खोलीत पहिल्या दिवशी घ्यायचा.

आणि काही अडलं तर पैशाचा शब्द आपण आधी काढायचा नाही. कधीकधी समोरच्याला पैसेच हवे असतात, तसं नसतंच असं नाही, पण तसं असेल तर तो सांगतो.

एका गोष्टीवर माझं आणि डायरेक्टरचं अजून जमत नाही. तो म्हणतो चौघांना आधी विचारलं असतं तर त्यांनी देव हलवू दिलेच नसते आणि फिल्मच झाली नसती. मला वाटतं तसं असेल तर ते आम्हाला लिहितानाच कळायला हवं होतं.

रिलीजच्या कागदावर तीन भावांच्या सह्या गावातच झाल्या. बडोद्याच्या बहिणीची राहिली होती, तिला मी फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, पालखी आली तेव्हा माजघराची भिंत कशी होती. मी सांगितलं की पहिल्या हाताला नीळ जास्त पडली होती, मग काकूंनी स्वतः बादलीत हात घालून चुना कालवून दिला, दुसरा हात आदल्या दिवशी संध्याकाळी झाला आणि पालखी आली तेव्हा कोपऱ्यात भिंत अजून ओली होती. ती म्हणाली कागद पाठवा.